आधी चाकण करू

कामावर निघताना पप्पा एक पाय बुटात आणि दुसरा नुसत्या मोज्यात ठेवून दारात थांबायचे. सांगायचं ते सांगून झालेलं असायचं. गॅसची टाकी येणार आहे, पासबुक देव्हाऱ्याखालच्या खणात आहे, आईच्या गोळ्या संपत आल्यात. आम्ही "हो" म्हणायचो. ते हलायचे नाहीत.

"हो नको. काय समजलं ते सांग."

मग मी तोंडातला ब्रश बाजूला करून म्हणायचे, "टाकी येणार, पासबुक खणात, गोळ्या आणायच्या." तेव्हा कुठे दुसरा बूट पायात जायचा.

चिखलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात हे रोज चालायचं, मी सातवीत होते तेव्हापासून. त्याच्या आधी नव्हतं. ते तेव्हाच का सुरू झालं, हे मी कधी विचारलं नाही. वडिलांच्या सवयी कुठल्यातरी दिवशी सुरू झालेल्या असतात, असं मुलांच्या मनातही येत नाही.

आई वैतागायची. "मास्तर व्हायचं होतं तुम्ही. प्रेसवर कशाला गेलात?"

"मास्तरला कोण उलटून सांगतंय? पोरं नुसती माना हलवतात."

पप्पांचं नाव सदाशिव. गंगाखेडजवळच्या एका गावातून बारावी झाल्यावर ते भोसरीत आले, काही वर्षं एका छोट्या वर्कशॉपमध्ये राहिले आणि मग चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत प्रेसवर लागले. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं मशिन. पत्रा आत ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बाजूंची दोन बटणं एकदम दाबायची, की वरचा ठोकळा खाली येतो. दोन बटणं अशासाठी, की दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे एकही हात आत नसतो. हे त्यांनी मला लहानपणी जेवणाच्या ताटावर दोन वाट्या ठेवून समजावलं होतं. आईने त्या वाट्या उचलून त्यात वरण वाढलं होतं.

लॉकडाऊनमध्ये माझं एमएचं पहिलं वर्ष फोनवर चाललं होतं. आमच्या एका मॅडमनी लिंक पाठवली. दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला वेगवेगळ्या देशांतली पंधरा-वीस माणसं एकत्र येऊन समता, राष्ट्र, न्याय, काम अशा मोठ्या विषयांवर बोलायची. हजेरीबद्दल प्रमाणपत्र मिळणार होतं. मी तीन शनिवार बसले. पप्पा शेजारी मटार सोलत ऐकायचे. चौथ्या शनिवारी मी लिंक उघडलीच नाही, तर ते हात पुसत आले.

"आज नाही का तुझी मंडळी?"

"कंटाळा आला पप्पा. नुसतं बोलतात."

"मग मला लावून दे."

त्या दिवसापासून ती मंडळी त्यांची झाली. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचे, मागे बँकेचं कॅलेंडर, कानात माझे जुने इअरफोन. त्यांना इंग्रजी बोलता फारसं यायचं नाही, कळायचं मात्र आम्हाला वाटायचं त्याहून पुष्कळ. माणसांना ते गावावरून ओळखायचे. लिस्बनच्या बाई, ज्या चर्चा चालवायच्या. नैरोबीचे मास्तर. लिमाची पोरगी, जिच्याकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असायचे आणि जी टोस्ट खात भांडायची. "आज नैरोबीवाले आले नाहीत, खोकला होता मागच्या वेळी," असं ते शेजारच्या बिल्डिंगमधल्या माणसाबद्दल बोलावं तसं सांगायचे.

"जगाचं ठरवा तुम्ही," आई म्हणायची. "इथं मोरी तुंबायलीय."

कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर बसणाऱ्या बबनरावांनी त्यांचं नाव 'युनो' ठेवलं होतं. सोमवारी बस मोशीला पोचेपर्यंत चौकशी व्हायची. "काय युनो, काय ठरलं जगाचं?"

"अजून हजेरीच चालू हाय, बबनराव."

पाच महिने ते पडद्यावरच्या त्या खिडक्यांमध्ये एक शब्द बोलले नाहीत. मग एका शनिवारी, देशांच्या सीमा असाव्यात की नसाव्यात यावर नैरोबीचे मास्तर आणि लिमाची पोरगी तापले. दोघं एकमेकांना उत्तरं देत होते, पण समोरच्याने जे म्हटलंच नव्हतं त्याला. पप्पांनी हात वर केला. पडद्यावरचं हात वर करायचं चिन्ह त्यांना सापडत नसे, त्यांनी खराच हात वर केला. आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की आमच्या कंपनीत शिफ्ट बदलताना मी मशिन सोडून जातो तेव्हा पुढच्या माणसाला सगळं सांगतो. तो हो म्हणतो. मी जात नाही. त्याला म्हणतो, मी काय सांगितलं ते तू मला सांग. त्याने बरोबर सांगितलं, की मी जातो. तुम्ही दोघं आधी एकमेकांचं सांगा. मग भांडा.

मग मास्तरांनी लिमाच्या पोरीचं म्हणणं सांगितलं. ती म्हणाली, नाही, असं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी ती हसली आणि हो म्हणाली. त्या दिवशी भांडण झालंच नाही, वेळ संपला.

तेव्हापासून त्या गटात हा नियम झाला. कुणालाही उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं त्याला परत सांगायचं, आणि त्याने 'बरोबर' म्हटल्यावरच पुढे जायचं. पप्पांची कंपनी कुठल्या गावात आहे ते विचारून लिस्बनच्या बाईंनी त्याला नावही दिलं. कुणी घाई केली की त्या म्हणायच्या, आधी चाकण करू. पप्पा जेवताना मध्येच आठवून हसायचे. "चाकण करा म्हणती बाई. आपल्या चाकणला कोण विचारतं, आँ? ट्रॅफिक सोडून."

गटात प्रत्येकाला कधीतरी एक शनिवार मिळायचा. विषय स्वतःचा, बारा मिनिटं स्वतःची. पप्पांनी चार वर्षं आपलं नाव पुढे केलं नाही. मागच्या हिवाळ्यात केलं. विषय लिहून पाठवला तो मीच टाइप केला होता: जबाबदारी कुणाची.

जानेवारीतल्या एका रविवारी ते मला पिंपरी कॅम्पात घेऊन गेले. माइकवाला हेडफोन घ्यायचा होता. चार दुकानं फिरून त्यांनी तो घेतला, आणि मग एका चहाच्या टपरीमागच्या बाकावर मला बसवलं.

"शनिवारी मी मराठीत बोलणार. इंग्रजीत मला ते अर्धंच जमंल. तू माझ्याजवळ बसून त्यांना सांग. पण आधी तुला सांगायलो, नीट ऐक."

मग त्यांनी सांगितलं. दोन हजार अकरा साली, मी सातवीत असताना, त्यांच्याच मशिनवर दुसऱ्या शिफ्टला नवनाथ नावाचे एक गृहस्थ होते, राजगुरुनगरकडचे. पप्पांच्याच वयाचे, घरी येणारे. मला त्यांनी आणलेली बोरं आठवतात. त्या दिवशी पहिल्या शिफ्टला पप्पांचे नग कमी पडत होते. त्यांनी डाव्या बटणाच्या फटीत लाकडाची बारीक पाचर मारली, म्हणजे ते बटण दाबलेलंच राहील आणि एका हाताने काम पटापट होईल. काही जण असं करत. बरेच जण करत नसत. सुट्टी झाली. नवनाथ आले. बाहेर बस हॉर्न देत होती. पप्पा "सगळं ठीक हाय" म्हणाले आणि धावले. पाचर काढायची राहिली, सांगायची राहिली.

नवनाथांनी उजवा हात बटणावर ठेवून डाव्या हाताने पत्रा सरळ केला. दुसरं बटण मोकळं आहे या भरवशावर. चार बोटं गेली.

गडबडीत कुणीतरी ती पाचर काढून टाकली. चौकशीत निघालं, की कामगाराचं लक्ष नव्हतं, दुसऱ्या बटणाला त्याचंच कोपर लागलं असणार. दुसऱ्या दिवशी पप्पांना भंगाराच्या डब्यात ती पाचर दिसली. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतर नाही.

"चौदा वर्षं झाली," ते म्हणाले. "शनिवारी ते लोक जुलूम, मालक, मजूर असं सगळं बोलतात. खरं असतं ते. मालकाचं चुकतंच. पण पाचर माझ्या हातानं गेली, याला जागाच सापडत नाही त्यांच्यात. मला ती जागा विचारायचीय. अन् तोंडाला सवय पण होईल. एकदा तिथं बोललो, की रविवारी राजगुरुनगरला जाऊ. नवनाथसमोर बोलायचंय. तू येशील?"

"येईन."

"आता सांग काय समजलं."

मी सांगितलं. शब्द न् शब्द. पाचर तुम्ही मारली, कुणी सांगितलं नव्हतं. बस सुटत होती म्हणून नवनाथकाकांना सांगितलं नाही. ते ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "बरोबर," ते म्हणाले, आणि दोन क्रीमरोल मागवले.

तो शनिवार आला. पप्पांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. दुसऱ्या दिवशीचा शर्टही दाराच्या खिळ्यावर तयार होता. पडद्यावर एकोणीस खिडक्या होत्या, कोपऱ्यात रेकॉर्डिंगचा लाल ठिपका. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. हे कुठेतरी राहणार. कंपनीतलं कुणी पाहील. माझ्या कॉलेजातलं कुणी पाहील. आणि खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. समोर जगभरची शिकलेली माणसं माझ्या वडिलांकडे आदराने बघत होती, आणि मला ती तशीच बघत राहायला हवी होती.

"पाचर मी मारली," पप्पा म्हणाले. "कुणी सांगितलं नव्हतं."

मी इंग्रजीत म्हणाले, की उत्पादनाच्या रेट्याखाली कामगारांना पाचर मारणं भाग पडत असे.

पप्पा थांबले. माझ्याकडे वळून बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, पुढचं विसरले असतील. असं वाटून घेतलं.

"नवनाथला सांगायला पाहिजे होतं," ते हळू म्हणाले. "माझी बस सुटत होती. मी नाही सांगितलं."

मी म्हणाले, की या व्यवस्थेत एका कामगाराला दुसऱ्याला सावध करायलाही उसंत दिली जात नाही. वाक्य चांगलं जमलं होतं. लिमाच्या पोरीने ते वहीत लिहून घेतलं.

बारा मिनिटांतली सहाच त्यांनी वापरली. मग लिस्बनच्या बाई चष्मा काढून, खूप मायेने म्हणाल्या, आधी चाकण करू. सदाशिव, मी तुमचं म्हणणं परत सांगते. ती पाचर तुमच्या हाताने गेली असली तरी ती कंपनीने मारली होती. तुमच्या हातात काही नव्हतं. चूक तुमची नव्हती. मी बरोबर सांगितलं का?

तो नियम त्यांचा होता. नाही म्हणायची सोय त्यांनीच करून ठेवली होती. पण नाही म्हणायचं तर त्या एकोणीस खिडक्यांसमोर म्हणावं लागलं असतं, की माझ्या मुलीने चुकीचं सांगितलं.

पडद्यावर आमच्या दोघांचे चेहरे एकाच चौकोनात होते. पप्पांनी त्या चौकोनातल्या माझ्याकडे बघितलं.

"येस," ते म्हणाले. "करेक्ट."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आवाज बंद असल्यामुळे नुसते हात हलताना दिसत होते. पप्पांनी नव्या हेडफोनची वायर बोटांभोवती गुंडाळली, खोक्यात घातली, खोकं बंद केलं.

"छान बोललीस," ते मला म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी मी तयार होऊन बसले. ते पेपर वाचत होते. खिळ्यावरचा शर्ट तसाच होता.

"जायचं ना पप्पा?"

"आज नको. पुढच्या रविवारी बघू."

सोमवारी त्यांनी दारात दोन्ही बूट एकदम घातले, आईला सांगितलं की शेंगदाणे संपलेत, आई हो म्हणाली, आणि ते जिना उतरून गेले. आईच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

पुढचे तीन रविवार 'बघू'मध्ये गेले. शनिवारच्या चर्चेला ते एकदाच बसले, कॅमेरा बंद ठेवून. त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी बोलावं असं रोज वाटायचं. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. ते स्टुलावर नसायचे तेव्हाच ते नीट आठवायचं.

त्या शनिवारनंतर तेविसाव्या दिवशी, पहिल्या शिफ्टला जाताना, मोशीच्या पुढे बसमध्ये त्यांनी बबनरावांच्या खांद्यावर डोकं टेकलं. बबनरावांना वाटलं, डुलकी लागली. "युनो, ऑफिस आलं, उठा," असं ते दोनदा म्हणाले होते. हे त्यांनी आईला चार-चार वेळा सांगितलं, आणि दर वेळी तिथेच थांबून रडले. पप्पांची पिशवी त्यांनी आणून दिली. डबा कोमट होता.

मार्चमध्ये लिस्बनच्या बाईंचं पत्र आलं. गटाच्या पानावर त्यांना पप्पांचं बोलणं त्यांच्या नावाने कायमचं ठेवायचं होतं. मजकूर जोडला होता. खाली एक ओळ: तुम्हीच त्यांचा आवाज होतात, तेव्हा आधी चाकण करू. त्यांना हेच म्हणायचं होतं ना?

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. बाईंना सांगण्याआधी ते ज्याला सांगायचं होतं त्याला सांगायला हवं होतं. रविवारी मी राजगुरुनगरची बस पकडली.

नवनाथकाकांची पिठाची गिरणी आहे. डाव्या हातात आता अंगठा तेवढा आहे, त्यात ते पिशवीचं तोंड अडकवतात आणि उजव्या हाताने पीठ लोटतात. पप्पा गेल्याचं त्यांना कळलं होतं. "सदाभाऊंसारखा माणूस न्हाई," ते म्हणाले. "दवाखान्यात रोज यायचे. शिफ्ट करून. मला म्हणायचे काही न्हाई, नुसते बसायचे."

मी गिरणी बंद करायला सांगितली. पट्टा थांबेपर्यंत वेळ लागतो. तो पूर्ण थांबल्यावर मी सांगितलं, टपरीमागच्या बाकावर सांगितलं होतं तसं. काही वाढवलं नाही, काही सोडलं नाही.

ते जात्याच्या कडेला लागलेलं पीठ बोटाने पुसत राहिले.

"म्हंजे," ते म्हणाले, "पाचर व्हती. सदाभाऊंची. अन् सांगायची राह्यली."

"हो काका. बरोबर."

"माझं कोपर न्हाई लागलं."

"नाही."

"चौदा वर्सं मला वाटायचं, माझंच ध्यान नव्हतं." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "घरात बी सगळे तेच म्हणत्यात. नवनाथचं ध्यान नसतं. पोरं गाडी चालवू देत न्हाईत मला. साधं दूध उतू गेलं तरी..." ते थांबले. "का न्हाई बोलले गं ते? मी चिडलो असतो. शिव्या दिल्या असत्या. पण बोलायचं तरी."

"बोलले होते," मी म्हणाले. "मी पोचू दिलं नाही."

एक बाई ज्वारीचा डबा घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. काकांनी तिला हाताने थांबायची खूण केली, आणि ती खूण करायला त्यांनी डावा हात वापरला.

घरी येऊन मी लिस्बनला लिहिलं. नाही, त्यांना हे म्हणायचं नव्हतं. आणि खाली पप्पांची वाक्यं, होती तशी, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. मला जमेल तेवढ्या साध्या इंग्रजीत.

त्या शेवटच्या सकाळी मी जागी होते. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पडले होते. बुटांचा आवाज आला, एक आणि लगेच दुसरा. मग पावलं दारात थांबली. मी मनाशी म्हटलं, आज जर ते 'सांग' म्हणाले, तर मी उठून बसेन आणि सगळं सांगेन. पाचर तुम्ही मारली, कुणी सांगितलं नव्हतं, बस सुटत होती. मी वाट बघत होते. त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"स्वरूपा," ते म्हणाले, "आज पाणी यायचा दिवस हाय. पिंप आधी विसळून घे, तळाला गाळ बसलाय."